नाल्यापलीकडचा ठिपका

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक रंगीत नकाशा आहे. अभ्यासक्षेत्राचं स्थान दाखवणारा. असा नकाशा प्रत्येक प्रबंधात असतो आणि कोणी तो धड बघत नाही. परीक्षक पानं उलटतात, नकाशा आहे ना एवढं पाहतात आणि पुढे जातात. दुसऱ्यांचे प्रबंध चाळताना मीही तेच करते. पण माझ्या स्वतःच्या प्रबंधातलं ते पान मला आजही सरळ बघवत नाही. ग्रंथालयात काम निघालंच, तर त्या कपाटाच्या बाजूने जायचं मी टाळते.

दोन हजार सालानंतरची पाचसहा वर्षं मी चंद्रपूरच्या एका महाविद्यालयातून पीएच.डी. करत होते. माझ्याबरोबरच्या एका शहाण्या मुलीने कोरपन्याकडचा कापूस निवडला होता. सकाळी बसने जायचं, चार शेतं बघायची, संध्याकाळी घरच्या जेवणाला हजर. मला मात्र जंगलात जायची हौस. मी विषय घेतला जंगलातल्या खाण्याच्या वनस्पतींचा, आणि आलापल्लीच्या आजूबाजूची बारा ठिकाणं अभ्यासाला निवडली. आलापल्लीत एक खोली भाड्याने घेतली आणि महिन्यातले पंधरा दिवस तिथे राहू लागले.

बारापैकी अकरा गावं होती. बारावा एक टोला, म्हणजे छोटी वस्ती होती, नाल्यापलीकडे, अकरा घरांची. सरकारी कागदात तो नाल्याअलीकडच्या मुख्य गावातच मोजला जायचा. मुख्य गावात दोन हापशा होत्या, म्हणून कागदावर टोल्याचीही पाण्याची सोय झालेली होती. प्रत्यक्षात टोल्यातल्या बायका नाल्याच्या रेतीत झिरा खोदायच्या आणि वाटीवाटीने हंडे भरायच्या. उन्हाळ्यात झिरा हातभर खाली जायचा. पावसाळ्यात नाला भरून वाहायचा, तेव्हा तेच गढूळ पाणी फडक्यातून गाळून प्यायचं. टोल्याला एक हापशी हवी होती. दुसरं काही त्यांनी मागितल्याचं मी कधी ऐकलं नाही. अर्ज दिला की उत्तर ठरलेलं, तुमच्या गावात दोन आहेत.

टोल्यात माझी सगळी भिस्त एका बाईंवर होती. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांना सही करता यायची, वाचता येत नव्हतं. कुठला कंद किती वेळ वाहत्या पाण्यात ठेवायचा, कुठला पाला कुठल्या महिन्यात कडू होतो, हे त्या सांगायच्या आणि मी लिहून घ्यायचे. मी त्यांना बाई म्हणायचे, त्या मला बाई म्हणायच्या. आमचं बोलणं लांबून कोणी ऐकलं असतं तर शाळेतल्या दोन मास्तरणी बोलताहेत असं त्याला वाटलं असतं.

एकदा मोहाच्या दिवसांत मी फुलांचे नमुने घ्यायला गेले. झाडाखाली फुलं पडली होती. मी पिशवी काढून खाली बसले, तर बाईंनी माझा हात धरला. पंडुम व्हायचा होता. जंगलात नवं काही आलं की ते आधी सगळ्या टोल्याने मिळून देवाला द्यायचं, मगच कोणी हात लावायचा. त्या सणाला अजून आठ दिवस होते. मी सांगितलं की मला खायची नाहीत, फक्त वजन करून वाळवायची आहेत. त्या म्हणाल्या, हात तर लावसान ना. मी चिडले. माझा दिवस फुकट गेला, बसचं भाडं गेलं, वेळापत्रक कोलमडलं, सगळं ऐकवलं. माझा स्वभावच तसा आहे, वेळ गेला की तोंड सुटतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला जेवायला बसवलं. आठ दिवसांनी मी पुन्हा गेले, तेव्हा पहिली ओंजळ त्यांनीच माझ्या पिशवीत टाकली.

त्याच दिवशी मी विभागातून मागून आणलेलं जीपीएसचं यंत्र हातात धरून त्यांच्या अंगणात उभी राहिले. यंत्राला आकाशातले उपग्रह सापडायला वेळ लागत होता. बाईंनी विचारलं, काऊन उभ्या राह्यल्या? मी सांगितलं की तुमचं अंगण पृथ्वीवर नेमकं कुठे आहे ते हे यंत्र सांगतं, आणि तो आकडा मी नकाशात टाकणार आहे.

"म्हणजे आमी कागदावर येऊ?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येणारच. अंगणात उभं राहून मी तो शब्द दिला होता.

नकाशा मी केला आलापल्लीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात. दुकान एका मुस्लिम कुटुंबाचं होतं. पुढे झेरॉक्सचं आणि लॅमिनेशनचं मशीन, मागे बुकबाइंडिंग, आणि एका कोपऱ्यात संगणक. दुकान चालवणारे माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे, मी त्यांना भाऊ म्हणायचे. त्यांचे अब्बा एकेकाळी सायकलवर बांगड्या घेऊन टोल्याटोल्यांतून फिरायचे, लहानपणी हेही मागे कॅरिअरवर बसून जायचे. त्यामुळे तो सगळा मुलूख भाऊंना तोंडपाठ होता. चंद्रपूरच्या विभागात एकच संगणक आणि त्याच्यामागे आम्ही सातजण. शेवटी मी नकाशाच्या सॉफ्टवेअरची कुणाकुणाच्या हातून फिरून आलेली सीडी आणली आणि भाऊंच्या संगणकावर टाकली. ते कुतूहलाने बघायचे.

ते काम ज्यांनी केलं आहे त्यांनाच त्यातली कटकट ठाऊक. आधी सर्वेक्षणाचा जुना नकाशा स्कॅन करायचा. मग त्याच्या चार कोपऱ्यांना अक्षांश-रेखांश देऊन तो जागेवर बसवायचा. मग त्याच्यावरून माउसने नदी गिरवायची, रस्ता गिरवायचा, राखीव जंगलाची हद्द गिरवायची. प्रत्येकाचा वेगळा थर. नदी गिरवताना मध्येच विजेची लाइन जायची आणि सगळी नदी पुसली जायची. एक नाला मी तीनदा गिरवला. बारा ठिकाणांचे आकडे टाकले तेव्हा पडद्यावर बारा काळे ठिपके पटकन उमटले. त्यांतला एक उजव्या हाताला खाली, नाल्यापलीकडे. मी भाऊंना म्हटलं, बघा, टोला आला. तेही खूश झाले.

खरी अडचण पुढे होती. एका पानावर सगळं बसवायचं. डावीकडे एकाखाली एक तीन छोटे नकाशे, देश, राज्य आणि जिल्हा. उजवीकडे मोठ्या आकारात अभ्यासक्षेत्र. वर उत्तरेचा बाण, खाली प्रमाणाची पट्टी. आणि सूची, म्हणजे कुठलं चिन्ह कशाचं हे सांगणारी चौकट. माझ्या मार्गदर्शक सरांचा दंडक होता की सूची उजवीकडे खालीच हवी. आधीच्या तीन छपाया त्यांनी लाल पेनाने परत पाठवल्या होत्या. एकदा अक्षरं बारीक म्हणून, एकदा बाण मोठा म्हणून, एकदा कशासाठी ते मला कळलंही नाही.

मी सूची उचलून उजवीकडे खाली नेली. ती नाल्याच्या रेषांवर बसली आणि रेषा तिच्या अक्षरांतून आरपार दिसू लागल्या. गिचमीड. मग मी चौकटीला पांढरी पार्श्वभूमी दिली. एक टिचकी. चौकट स्वच्छ झाली आणि तिच्याखाली जे काही होतं ते झाकलं गेलं. पान इतकं नीटनेटकं दिसायला लागलं की मी खुर्चीत मागे रेलले.

भाऊ मागे उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, इथी तर टोला होता ना. कुठी गेला?"

मला दिसलं होतं. हे आज स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत राहिले की ती नजरचूक होती. नजरचूक नव्हती. मला दिसलं होतं, आणि हेही ठाऊक होतं की मोठा नकाशा थोडा लहान केला, वर सरकवला, सूची डावीकडे नेली, तर टोला बाहेर येईल. पण मग अक्षरं पुन्हा बारीक होणार, सर पुन्हा लाल पेन काढणार, आणि लाइन कधीही जाणार. मी भाऊंना म्हटलं की टोल्याचं नाव आत तक्त्यात आहेच, नकाशात एक ठिपका कमी झाला तर काय बिघडतं. ते पुन्हा झेरॉक्सला कोणी आलं होतं तिकडे गेले.

सरांनी तो नकाशा पसंत केला. या खेपेला लाल रेघ नाही.

मी त्याच्या बारा रंगीत प्रती काढल्या, भाऊंकडून लॅमिनेट करून घेतल्या आणि प्रत्येक ठिकाणी एक द्यायला निघाले. लोकांनी इतकं दिलं, आपणही काही परत द्यावं, अशी माझी उदार कल्पना. अकरा गावांत झालं. टोल्यात द्यायचा नाही असं मी आधी ठरवलं होतं. पण मुख्य गावात नकाशा दिल्याचं टोल्यात कळणारच, आणि न देणं जास्त वाईट दिसलं असतं. मनात असंही होतं की कोणी एवढं निरखून बघणार नाही.

बाईंनी निरखून बघितलं. बचत गटाच्या सातआठ जणी त्यांच्या अंगणात जमल्या होत्या. मी नकाशा चटईवर ठेवला आणि सांगायला लागले. ही निळी नदी, हा लाल रस्ता, काळा ठिपका म्हणजे गाव. बाईंनी बोट ठेवलं आलापल्लीवर. तिथून रस्त्याने बोट चालवत त्या मुख्य गावाच्या ठिपक्यावर आल्या. मग नाल्याच्या रेषेवर. नाला ओलांडला की आमी, असं स्वतःशीच म्हणत त्यांनी बोट खाली उजवीकडे नेलं, आणि ते जाऊन थांबलं सूचीच्या चौकटीत, पहिल्याच ओळीत, जिथे 'अभ्यासातील गाव' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांच्या आधी नमुन्याचा एक काळा ठिपका छापलेला होता.

"हाच आमचा टोला ना, बाई?"

बोट अगदी बरोबर जागी होतं. जन्मात पहिल्यांदा नकाशा हातात घेतलेल्या बाईने तो माझ्या परीक्षकांपेक्षा चांगला वाचला होता. टोला तिथेच होता, त्या पांढऱ्या चौकटीखाली. चुकलेली मी होते. सातआठ जणींची तोंडं माझ्याकडे लागलेली, आणि बाईंच्या चेहऱ्यावर असं हसू की ते मोडायची माझ्यात हिंमत नव्हती. आता वाटतं, त्यांचं हसू हे निमित्त होतं. मला माझी अब्रू वाचवायची होती.

मी म्हटलं, हो.

एवढ्यावर सुटले नाही. बाकीच्या गावांना नाही, आमच्याच गावाला ही चौकट काऊन, असं त्यांनी विचारलं. मी क्षणभरही अडखळले नाही. म्हटलं, तुमचा टोला वेगळा दिसावा म्हणून. बायका आपसात गोंडीत काहीतरी बोलल्या आणि हसल्या. बाईंनी नकाशा पदराने पुसला आणि आत नेऊन ठेवला. परतीच्या बसमध्ये मी स्वतःची समजूत घालत होते की टोला खरोखर त्याच जागी आहे, म्हणजे हे तसं खोटंही नाही.

तीन-चार महिन्यांनी प्रबंध छापून झाला. पाच प्रती बांधायला मी भाऊंकडेच टाकल्या. न्यायला गेले तेव्हा काळ्या कापडावर सोनेरी अक्षरांत माझं नाव चमकत होतं. मी त्याच्यावरून हात फिरवत होते, आणि भाऊंनी सांगितलं की टोल्याच्या बाई दुकानात येऊन गेल्या.

झालं असं होतं. त्या वर्षी नव्या हापशांसाठी गावांची यादी होणार असल्याचं बाईंना गटाच्या बैठकीत कळलं. या वेळी त्यांच्याजवळ पुरावा होता. आणखी दोघी जणींना घेऊन त्या, अर्धी वाट पायी आणि अर्धी बसने, तालुक्याच्या कार्यालयात गेल्या. आमचा टोला वेगळा आहे, नकाशात आला आहे, असं सांगून त्यांनी साहेबांच्या टेबलावर नकाशा ठेवला आणि ठिपक्यावर बोट ठेवलं. साहेबांना काही समजेना. तेव्हा बाईंनी सांगितलं की आमचं गाव वेगळं दिसावं म्हणून चौकट पण टाकली आहे. साहेब हसले. टेबलाभोवतीचे चार लोक हसले. मग त्यांनी भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशात तशीच चौकट दाखवली आणि सांगितलं की ही प्रत्येक नकाशात असते, हे कुठलंच गाव नसतं. वर असंही म्हणाले की टोला नकाशात नाही, म्हणजे तो वेगळा नाही. वाईट माणूस नसावा. त्याने जे समोर होतं ते वाचलं.

नकाशा कुठे केला ते मी बाईंना सांगितलं होतं, म्हणून त्या तिथून सरळ भाऊंच्या दुकानात आल्या होत्या आणि विचारत होत्या की हा ठिपका आमचा आहे की नाही, तुमी खरं सांगा.

"मी खोटं काऊन बोलू, मॅडम?" भाऊ म्हणाले. "नाई म्हणून सांगितलं."

भाऊंनी मला दोष दिला नाही, मी तुम्हाला सांगितलं होतं असंही म्हणाले नाहीत. फक्त बांधलेल्या प्रतींकडे बघून म्हणाले की एक दिवस द्या, पाचही प्रतींतलं ते पान बदलून देतो. पैसे नको. एक दिवस. प्रबंध दुसऱ्या दिवशी दुपारी विद्यापीठात जमा करायचा होता. आठवडाभर मुदतवाढ मागता आली असती, लोक मागतात. मी घड्याळाकडे बघितलं, पाचही प्रती पिशवीत भरल्या आणि चंद्रपूरची बस पकडली. बाईंनी मला आठ दिवस थांबवलं होतं कारण त्याआधी हात लावणं बरोबर नव्हतं. मला एक दिवस थांबता आलं नाही.

हापशी आली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी तिची वाट बघायला नको. पण ती आली दोन उन्हाळे उलटल्यावर, कोणीतरी साहेब स्वतः मोटारसायकलने नाला ओलांडून आला आणि घरं मोजून गेला तेव्हा. ते दोन उन्हाळे टोल्यातल्या बायका झिऱ्यातूनच पाणी भरत होत्या.

मी टोल्यात गेले तोंडी परीक्षा उरकल्यावर, म्हणजे भाऊंनी सांगितल्यानंतर पाच महिन्यांनी. इतके दिवस रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी काम काढत होते. जायच्या आदल्या दिवशी भाऊंच्या संगणकावर बसून नकाशा दुरुस्त केला. मोठा नकाशा थोडा लहान केला, वर सरकवला, सूची डावीकडे जिल्ह्याच्या नकाशाखाली नेली. टोला बाहेर आला. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. अक्षरं बारीकही झाली नाहीत.

बाई घरीच होत्या. त्यांनी बसायला चटई टाकली, मुलंबाळं, आईवडील, सगळ्यांची चौकशी केली. मी नवा नकाशा त्यांच्यापुढे ठेवला आणि सोबत टोला वेगळा आहे असं तालुक्याच्या साहेबांना लिहिलेलं पत्र. त्या उठल्या, आतून जुना नकाशा घेऊन आल्या आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. नव्यावर त्यांनी पुन्हा आलापल्लीपासून बोट चालवलं. रस्ता, मुख्य गाव, नाला. नाल्यापलीकडे ठिपका होता. या वेळी भोवती चौकट नव्हती.

मी म्हटलं, हा तुमचा टोला.

त्यांनी बोट उचललं आणि डावीकडे सूचीतल्या ठिपक्यावर ठेवलं. "आन हा?"

"तो कोणाचाच नाही. ठिपका म्हणजे गाव, एवढं सांगायला तो असतो."

"तवा ठाऊक होतं तुमाले?"

"होतं."

"मग काऊन हो म्हटलं, बाई?"

पाच महिने मी या प्रश्नाची उत्तरं तयार करत होते. सरांचा लाल पेन, जाणारी लाइन, कागदाचा आकार. त्यांतलं एकही त्या अंगणात बोलण्यासारखं नव्हतं.

मी म्हटलं, "लाज वाटली मले."

मी त्यांची बोली कधी बोलत नसे. त्या दिवशी कशी कोण जाणे तोंडातून आली. बाईंनी जुना नकाशा उचलून माझ्या हातात दिला.

"म्हणजे ते तुमची लाज होती," त्या म्हणाल्या, "आन मी ते हापिसात घेऊन गेली."

रागाने नाही म्हणाल्या. एखादा हिशेब आता कुठे जुळला, तशा म्हणाल्या. मग उठून त्यांनी हंड्यावरचं झाकण काढलं आणि मला लोटाभर पाणी आणून दिलं. झिऱ्याचं होतं. मी ते सगळं प्यायले.